मुळीची गोळी

त्या रविवारी ग्रासियानाने भाडेकरू मेंढपाळांना लवकर जेवायला घातलं आणि बाहेर काढलं. इरिबार्ने हॉटेलात असं कधी झालं नव्हतं. त्या लांब टेबलावर घरचे आणि परके एकाच पातेल्यातलं खात आले होते. म्हातारे मेंढपाळ काही न विचारता उठले, टोप्या घातल्या आणि मागच्या अंगणातल्या चेंडू खेळायच्या भिंतीशी उन्हात जाऊन बसले. आज या घरात काय ठरणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. सगळ्या विनेमक्का गावालाच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी ग्रासियानाचा नवरा बेर्नात इरिबार्ने नुसत्या सदऱ्यावर घराबाहेर पडला होता आणि रेल्वेपलीकडच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्यामागे बर्फात जाऊन बसला होता. धाकट्या मुलाला, बातिताला, तो सापडला. "बाबा, इथे काय करताय?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "काही नाही. बसलोय." डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. गावाने दारूवर खापर फोडलं, पाद्रीबाबांनी देवावरच्या कमी पडलेल्या विश्वासावर, आणि जावयाने वयावर.

जावई म्हणजे डॉक्टर एव्हरेट हॅडली. मुलगी कातालिनचा नवरा. त्यांच्या बास्क जमातीबाहेरचा माणूस घरात आला तेव्हा बेर्नातनेच सगळ्यांची तोंडं बंद केली होती, "डॉक्टर आहे. आपल्या मेंढ्यांनाही आजवर नीट डॉक्टर मिळाला नव्हता," असं म्हणून. आता त्याच जावयाने सांगितलं होतं, की बेर्नातला वेड्यांच्या सरकारी इस्पितळात ठेवावं, तिथे विजेचे झटके देतात, काहींना गुण येतो. सोमवारी जजसमोर जायचं होतं.

मोठा मुलगा पेलो स्वयंपाकघरात आला, कोकराच्या कालवणाचं झाकण उचलून वास घेतला आणि पुन्हा ठेवलं.

"आई, आज एव्हरेट बोलेल तेव्हा तू मध्ये बोलू नकोस."

"माझ्या घरात मी कधी बोलायचं ते तू सांगणार?"

"तसं नाही गं. जजसाहेबांसमोर आपण सगळ्यांनी एकच सांगायला हवं. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे असलं तर ते म्हणतील, हे घरचं भांडण आहे."

"आणि नाही का?"

पेलो टेबलाला टेकला. दीड वर्ष मेंढ्या, हॉटेल, कुरणाचे परवाने, सगळं तोच ओढत होता. रीनो शहरातला एक माणूस हॉटेल विकत घेऊन तिथे जुगाराची यंत्रं मांडायला तयार होता. बाप कायद्याने शहाणा ठरत होता तोवर बापाच्या होकाराशिवाय काहीच होणार नव्हतं. आणि बाप हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता, भिंतीकडे बघत होता. पेलोला बापाचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तो दमला होता.

"रात्रभर जागून त्याच्यावर नजर तू ठेवणार आहेस का?" तो म्हणाला. "पुढच्या वेळी बातिता वेळेवर पोचला नाही तर?"

ग्रासियानाने पळी पातेल्यावर आपटली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी बास्क लोकांच्या सहलीत बेर्नातच्या नाकातून रक्त आलं होतं. मेंढी खांद्यावर घेऊन पळायच्या शर्यतीत पंच होता तो, आणि पंचाने करायचा त्याहून जास्त आरडाओरडा करत होता. एव्हरेटने तिथेच गाडीतून यंत्र काढून रक्तदाब पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. आठवड्याभरात नवी गोळी आली. पांढरी, मसुराएवढी.

"ही काही रसायनं कालवून केलेली नाही, आई," एव्हरेट सासूला म्हणाला होता. "हिंदुस्थानात एक झुडूप उगवतं. सर्पगंधा. त्याच्या मुळीतून काढलेलं सत्त्व आहे. शेकडो वर्षं वापरतात तिथले लोक. रडणाऱ्या बाळांना झोपवायलाही देतात."

ग्रासियानाचा बाटलीतल्या औषधांवर विश्वास नव्हता, पण मुळी म्हटल्यावर ती निवली. तिची आई ऑलिव्हची पानं उकळून द्यायची, लसूण ठेचून द्यायची. मुळी म्हणजे त्यातलंच. तेव्हापासून रोज सकाळी कॉफीबरोबर ती आपल्या हाताने गोळी नवऱ्याच्या तळहातावर ठेवत आली होती.

गुण तर असा आला की गावात चर्चा झाली. रक्तदाब उतरला. एव्हरेटने जिल्ह्यातल्या डॉक्टरांपुढे भाषण केलं, त्यात सासऱ्याचे आकडे फळ्यावर लिहून दाखवले. आणि घरात सगळ्यांना आणखी एक गोष्ट आवडली, जी कोणी बोलून दाखवली नाही: बेर्नात ओरडेनासा झाला. पत्त्यांच्या डावात टेबलावर मूठ आपटेनासा झाला. पेलोच्या चुका भाडेकरूंसमोर काढेनासा झाला. घर शांत झालं म्हणून सगळे सुखावले. मग तो पत्तेच खेळेनासा झाला. मग गाणी थांबली, मग जेवण, मग बोलणं. तोवर शांततेची सवय होऊन गेली होती.

एव्हरेट आणि कातालिन आले. टेबलावर बसताना एव्हरेटने घसा साफ केला, तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि बातिता एका जाड्या म्हातारीची बॅग घेऊन आत आला. बेर्नातची थोरली बहीण एन्ग्रासी. बोईसेहून बसने आली होती.

"आत्याला कोणी बोलावलं?" पेलोने विचारलं.

"मी," बातिता म्हणाला. "बाबांना वेडा ठरवायचंय ना, मग त्यांना जन्मापासून ओळखणारं कोणीतरी हवं."

"बातिता, हा तमाशा नाहीये."

"तमाशा आधीच चाललाय. मी फक्त एक प्रेक्षक वाढवला."

एन्ग्रासीने दोघांकडेही लक्ष दिलं नाही. भावजयीच्या गालाला गाल लावला, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "आधी त्याला बघते. जेवण कुठे पळून जात नाही."

वरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. बेर्नात खुर्चीत बसला होता, बँडेज केलेला पाय स्टुलावर. दाढी कोणीतरी केली होती, गालावर साबण वाळला होता. एन्ग्रासीने शालीच्या टोकाने तो पुसला.

"आलीस," तो म्हणाला.

"आले. बसने माझी कंबर मोडली. विचारणार नाहीस?"

"दमली असशील."

लहानपणी गावातल्या कुठल्याही लग्नात ज्याला गप्प करायला तीन माणसं लागायची, तो हा. एन्ग्रासी पलंगावर टेकली.

"कसं वाटतं रे तुला?"

त्याने बराच वेळ विचार केला, दुसऱ्या कोणाबद्दल विचारल्यासारखा. "काही वाटत नाही. तेच तर."

"रडू येतं?"

"आधी यायचं. आता तेही नाही."

"जेवण?"

"ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं."

एन्ग्रासीच्या हातातली शाल थांबली. "पहाटे जाग येते," ती हळू म्हणाली, "आणि वाटतं की आपण सगळ्यांच्या मानेवर बसलोय. आपण नसलो तर सगळे एकदाचे श्वास घेतील. असं?"

बेर्नातने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

तिची नजर हात धुवायच्या बेसिनवरच्या फळीकडे गेली होती. तिथे एक छोटी तपकिरी बाटली होती. उठून तिने ती उजेडात धरली, झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली.

"ही कसली?"

"प्रेशरची. ग्रासियाना देते."

एन्ग्रासी जिने उतरून खाली आली तेव्हा एव्हरेट इंग्रजीत समजावत होता, की विजेच्या झटक्यांबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. तिने बाटली त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि आपल्या बास्क भाषेत बोलायला लागली. भरभर, खालच्या आवाजात, आणि त्याच्या डोळ्यांत बघत.

"काय म्हणताहेत त्या?" एव्हरेटने बायकोला विचारलं.

लग्न झाल्यापासून या टेबलावर हे काम कातालिनचं होतं, आणि ती ते हुशारीने करत आली होती. आई म्हणाली, "हा माणूस पाखरासारखं चिवडत काय बसलाय," तर कातालिन सांगायची, "आई विचारते, अजून वाढू का." बाप म्हणाला, "याला घोड्यावर बसवलं तर घोडा हसेल," तर ती सांगायची, "बाबा म्हणतात, एकदा कुरणावर चल." दोन्हीकडचे लोक एकमेकांना आवडावेत म्हणून तिने किती वाक्यं वाटेत बदलली होती त्याची गणती नव्हती. आत्याचं हे बोलणं बदलता येण्यासारखं नव्हतं. तिने ते जसंच्या तसं सांगायला सुरुवात केली.

"मीही हीच गोळी घेत होते. बोईसेच्या डॉक्टरांनी दिली होती. म्हणाले, मुळीपासून केलीय, काही अपाय नाही." कातालिन आत्याच्या मागोमाग इंग्रजीत सांगत होती. "थोड्याच महिन्यांत मी भांडी घासताना रडायला लागले. का ते कळायचं नाही. मग रडूही येईना. नदीवरच्या पुलावरून जाताना मी जागा बघून ठेवली होती. कठड्याला जिथे..."

ती थांबली. दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'मी' म्हणायची तिला सवय होती, पण हे 'मी' तिला पुढे नेता येईना.

"पुढे सांग," आत्या म्हणाली.

"कठड्याला जिथे दोन गज तुटलेत, ती जागा."

ग्रासियानाने छातीवर क्रुसाची खूण केली.

एव्हरेटने रुमालाने ओठ टिपले. "मला फार वाईट वाटतं हे ऐकून. पण कातालिन, त्यांना विचार, त्यांचे यजमान जाऊन तेव्हा किती काळ झाला होता?"

कातालिनने विचारलं.

"नऊ वर्षं," आत्या म्हणाली. "आणि तो काही इतका चांगला नव्हता."

बातिताला हसू फुटलं आणि लगेच विझलं. "मग बरी कशी झालीस, आत्या?"

"मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेले. बाटली इकडेच विसरले. तिथे कोण डॉक्टर शोधणार, म्हणून घेतलीच नाही. काही आठवडे गेले. एके सकाळी सुनेने लसूण परतायला घेतला आणि मला वास आला. लसणाचा. मी उठले आणि दोन अंडी खाल्ली. सून बघतच राहिली."

"इतकं झालं आणि आम्हाला कोणाला सांगितलं नाहीस?" ग्रासियाना म्हणाली.

"काय सांगू? चांगलं घर, चांगली मुलं, आणि म्हातारी नदीत उडी टाकायला निघाली? कन्फेशनला जाऊन सांगितलं. पाद्री म्हणाले, निराश होणं हे पाप आहे, जपमाळ ओढा." एन्ग्रासीचा आवाज आता चढला होता. "गोळी आणि ते दुखणं, यांची सांगड मी आत्ता त्याच्या फळीवर ही बाटली बघेपर्यंत घातली नव्हती. आजपर्यंत मी ते माझं पाप म्हणून पोटात घेऊन हिंडले. माझं नव्हतंच ते. बाटलीतलं होतं."

कातालिनने यातला शब्दही गाळला नाही.

"हे बघा," एव्हरेट म्हणाला, आणि त्याने आवाज मुद्दाम हळू ठेवला. "एका बाईचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. या वयात उदासी येतेच. आणि हे औषध निसर्गातलं आहे. एवढी पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली वनस्पती..."

"तुम्ही मला सांगितलं होतं," ग्रासियाना म्हणाली. ती इंग्रजीत बोलत होती, मोडक्यातोडक्या, दुकानात वापरायच्या इंग्रजीत. कातालिनकडे तिने पाहिलंही नाही. "तिकडे बाळांना झोपवायला देतात."

"हो, पण..."

"मग माझा नवरा झोपलाच की. तुम्ही काय समजलात, ती मुळी बाळ ओळखते आणि म्हातारा ओळखत नाही?"

पेलो मध्ये पडला. "आई, गोळीमुळे झालं की कशामुळे, हे ठरवणारे आपण कोण? बाबा आजारी आहेत हे तर खरं. उद्या जजकडे..."

"तू गप्प बस," बातिता म्हणाला. "रीनोच्या माणसाला शब्द देऊन आलायस तू. तारखेसकट."

ग्रासियाना पेलोकडे वळली. "खरं आहे?"

"कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं," पेलो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही सगळे वाट बघत होता. कशाची?"

या सगळ्यात कातालिन नवऱ्याकडे बघत होती. तो बाटली फिरवत होता, तिच्यावरची चिठ्ठी नखाने खरवडत होता. ही सवय तिला ठाऊक होती. पैशांची अडचण लपवायचा तेव्हा तो असंच करायचा, आणि त्याची आई आजारी आहे हे लपवलं तेव्हाही. तिला ऑक्टोबरातली एक सकाळ आठवली. नाश्ता, डॉक्टरांचं मासिक, आणि त्याचं उगाचच मोठ्याने हसणं.

"एव्हरेट," ती म्हणाली. "ऑक्टोबरात तू मला वाचून दाखवलं होतंस."

"काय?"

"पूर्वेकडच्या कोणत्या तरी डॉक्टरांचं. प्रेशर उतरतं पण काही रोगी खचतात, जिवाचं बरंवाईट करायला जातात. तू म्हणालास, या पूर्वेकडच्यांना प्रत्येक गोष्टीत मन दिसतं. आणि पान उलटलंस."

"एक लेख होता तो. एक. कातालिन, असे लेख रोज येतात."

"त्याच्या आधीच्या महिन्यात तू फळ्यावर बाबांचे आकडे लिहून आला होतास."

एव्हरेट हॅडली वाईट माणूस नव्हता. बर्फातही रोगी बघायला जायचा, गरिबांकडून कोंबडी घेऊन फी सोडून द्यायचा. तो लेख त्याने दोनदा वाचला होता हे बायकोला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा दवाखान्यात, दार लावून. मग त्याने स्वतःला समजावलं होतं, की आकडे खोटं बोलत नाहीत. आणि सासऱ्याच्या चेहऱ्याकडे बघणं सोडून तो दर वेळी दंडावरच्या रक्तदाबाच्या पट्ट्याकडेच बघत राहिला होता. आता सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला अचानक आपले हात कुठे ठेवावेत ते समजेना.

"आणखी कोणाकोणाला देतोस ही?" कातालिनने विचारलं.

"बऱ्याच जणांना."

"टॉलिव्हरला दिली होतीस?"

टॉलिव्हर उत्तरेच्या रस्त्यावरचा गुरंवाला. नोव्हेंबरात त्याने कोठारात स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. दुष्काळाने खचला, असं सगळे म्हणाले होते. एव्हरेटनेच आधी म्हटलं होतं.

"एव्हरेट. टॉलिव्हरला दिली होतीस?"

त्याने मान खाली घातली. कातालिन खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"तुला नोव्हेंबरात कळलं होतं," ती म्हणाली. "आणि तरी डिसेंबरात, जानेवारीत तू बाबांच्या बाटल्या भरत राहिलास. कारण थांबवली असती तर टॉलिव्हरबद्दल स्वतःला काय सांगणार होतास? त्यापेक्षा माझा बाप वेडा ठरलेला तुला बरा वाटला."

ग्रासियानाने एव्हरेटसमोरचं भरलेलं ताट उचललं. "या घरातून आजवर कोणी उपाशी गेलं नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही जा."

तो उठला. दाराशी टोपी हातात घेऊन थांबला. "गोळी आजपासून बंद करा," तो म्हणाला. "प्रेशर पुन्हा वर जाईल. रीनोला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. लवकर." मग टोपी घालून, "जजसाहेबांना मी कळवतो. उद्याचं रद्द."

कातालिन त्याच्या मागे अंगणात गेली. भिंतीशी बसलेले मेंढपाळ दुसरीकडे बघायला लागले.

"तू इथेच राहणार असशील तर मला कळतं," एव्हरेट म्हणाला.

"मी गाडी चालवते. तू घरं सांग."

"कुठली घरं?"

"ज्यांना ज्यांना दिलीस ती. आजपासून सुरुवात. प्रत्येक दारात तू स्वतः जायचंस आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचंस. मी गाडीत बसेन. तू आत जातोस की नाही ते बघायला."

तो गेला. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. काही जण रागावले, काहींना काहीच झालं नव्हतं आणि त्यांनी गोळी सोडायला साफ नकार दिला. एका बाईने ऐकता ऐकता दाराच्या चौकटीला धरलं आणि म्हणाली, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते?" टॉलिव्हरचं घर त्याने शेवटी ठेवलं. विधवेने त्याला पायरीवरच उभं केलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"तो दुष्काळाने गेला असं मला सांगायला तुम्हीच आला होतात," ती म्हणाली. "माझा मुलगा त्यावरूनच जमीन सोडून गेला. तो म्हणाला, या जमिनीने बाप खाल्ला." तिने दार लावलं. एव्हरेट गाडीत येऊन बसला तेव्हा कातालिनने गाडी सुरू केली आणि घरापर्यंत दोघंही बोलले नाहीत. त्यांच्या संसाराचं पुढे काय होणार ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या वसंतात तरी ती वेगळी, मधल्या खोलीत झोपत होती.

बेर्नात एका दिवसात उठला नाही. आधी नुसतं इतकं झालं, की सकाळी त्याने कॉफी संपवली. मग एकदा पडदा उघडा ठेवायला सांगितला. कोकरं व्हायच्या दिवसांत बातिता त्याला गाडीत घालून कुरणावर घेऊन गेला, तर लंगडत खाली उतरून त्याने एका आडव्या आलेल्या पिल्लाला मेंढीच्या पोटात हात घालून बाहेर काढलं आणि शेजारच्या कुत्र्याला आईवरून शिवी दिली. बातिताने ती शिवी घरी येऊन आईला शब्दशः सांगितली. ग्रासियाना ओट्याला टेकून रडली.

रक्तदाब मात्र पुन्हा चढला. रीनोच्या डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, थोडंसंच, दर आठवड्याला येऊन दाखवायच्या अटीवर; आणि मीठ बंद केलं.

मे संपत आला होता. लांब टेबल पुन्हा गच्च भरलेलं होतं, भाडेकरू, बातिता, कोणी कोणी पाहुणे. बेर्नातने कालवणाचा एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"हे काय आहे?"

"कोकराचं कालवण," ग्रासियाना म्हणाली.

"कोकराला कळलं तर अपमानाने उठून चालायला लागेल."

"मीठ बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी. या घराची डॉक्टरांचं ऐकायची हौस अजून फिटली नाही का?"

ग्रासियाना पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. बेर्नात तिच्याकडे बघत होता आणि मिठाचा विषय केव्हाच मागे पडला होता.

"तू जजसमोर जाणार होतीस," तो म्हणाला. "पेलोचं समजू शकतो. जावई परका. पण तू. माझ्याबद्दल, परक्या माणसापुढे उभं राहून सांगणार होतीस, की हा वेडा आहे, घेऊन जा."

"जाणार होते. हो."

"एकदा मला विचारलं असतंस."

पातेलं टेबलावर आदळलं. "विचारलं नाही? अहो, दोन हिवाळे मी दुसरं काय करत होते? काय होतंय, कुठे दुखतंय, माझं काही चुकलं का. तुमचं तोंड भिंतीकडे. ओंडका उशाशी घेऊन झोपत होते मी. ओंडका निदान थंडीत जाळता तरी येतो."

"गोळी तू देत होतीस."

"दिली. माझ्या या हाताने दिली, आणि मरेपर्यंत हा हात मला दिसत राहणार आहे, ते तुम्ही सांगायला नको. पण तुम्हाला तोंड नव्हतं? आयुष्यभर माझ्या स्वयंपाकात खोट काढलीत. भात मऊ, मटण चिवट, मिरची जास्त. आणि ती गोळी तेवढी मुकाट्याने गिळलीत? एकदा तरी म्हणायचं होतंत, ग्रासियाना, हे काय देतेस मला."

"मला बोलता येत नव्हतं!" बेर्नात गरजला. मूठ टेबलावर आपटली, पेले उडाले. "आतून माझं सगळं बंद झालं होतं आणि तुम्हाला घर शांत झालं म्हणून बरं वाटत होतं. वाटत होतं की नाही? खरं सांग."

"वाटत होतं," ग्रासियाना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज तसूभर उतरला नव्हता. "वाटत होतं, आणि त्याची लाज वाटते, आणि तरीही सांगते, तुमचा तो आरडाओरडा ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आता ओरडा. ओरडा पाहिजे तेवढं. पण मीठ मिळणार नाही."

बातिता मध्ये पडायला उठू लागला. शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. कालवण गार होत होतं. कोणी चमचा उचलला नाही, कोणी उठलंही नाही. चर्चमध्ये बसावं तसे सगळे ताठ बसून ऐकत होते.

आवाज रस्त्यापर्यंत जात होता. पेलो मेंढ्या लोकर कातरायला नेण्याबद्दल विचारायला आला होता; त्या रविवारनंतर तो पुढच्या दाराने आत आला नव्हता, काम असलं की अंगणातूनच बातिताला हाक मारायचा. आज पायरीवर बापाचा आवाज ऐकून त्याचे पाय आपोआप आत वळले. टोपी काढून तो दारात उभा राहिला.

बेर्नातने बायकोकडची नजर त्याच्याकडे वळवली. चेहरा लालबुंद झाला होता, मानेवरची शीर उडत होती.

"आणि तू दारात काय उभा आहेस?" तो म्हणाला. "ये, बस. तुझ्या आईशी संपलं की तुझ्याकडे येतो."

पेलो आत आला, बाकावरच्या माणसांनी सरकून जागा केली तिथे बसला, आणि आईने पुढ्यात ठेवलेलं ताट जवळ ओढलं.